बंदीचा फलक पुरेसा नाही

पावसाने जोर धरला की पनवेल परिसरात दोन गोष्टी हमखास घडतात. गाढेश्वर धरण, पांडवकडा आणि आसपासच्या ओढ्या-धबधब्यांवर जाण्यास मनाई करणारा आदेश निघतो. आणि त्यानंतरच्या रविवारी खांदेश्वर, नवीन पनवेल, कामोठे, खारघर इथून निघालेल्या दुचाकींची रांग नेरे गावाच्या रस्त्याला लागते. आदेश पूर्वी कलम १४४ खाली निघत असे, आता तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. कलमाचा आकडा बदलला, बाकी काही बदलले नाही. कुठेतरी एखादा मुलगा बुडतो, दोन दिवस बंदोबस्त वाढतो आणि पुढच्या सुटीला रांग पुन्हा तेवढीच होते.

बंदी चुकीची आहे, असे नाही. भर पावसात सांडव्याच्या तोंडाशी कोणी उभे राहू नये, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. परंतु बंदी ही आणीबाणीची उपाययोजना आहे. ती वर्षानुवर्षे एकमेव उपाय म्हणून वापरली जाते, तेव्हा तिचा अर्थ ‘आम्ही याचे नियोजन केलेले नाही’ एवढाच उरतो. धरणे आणि तलावांवर लोक येणार, हे गृहीत धरून त्यांच्यासाठी जागा आखणे हा पर्यटनाचा विषय समजला जातो. प्रत्यक्षात तो सार्वजनिक आरोग्याचा विषय आहे.

आकडे पाहिले की हे पटते. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे तीन लाख माणसे बुडून मरण पावली. आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात बुडून मृत्युमुखी पडलेल्यांची संख्या ३८ हजारांहून अधिक आहे, म्हणजे दिवसाला शंभरापेक्षा जास्त. एखाद्या तापाने रोज शंभर माणसे दगावली असती तर शहरागणिक वॉर्ड उघडले गेले असते. बुडण्याला मात्र आपण ‘दुर्दैव’ किंवा ‘अतिउत्साह’ म्हणून सोडून देतो. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ मध्ये २५ जुलै हा बुडणे-प्रतिबंध दिन म्हणून जाहीर केला. आपल्याकडे तो ऐन धबधब्यांच्या हंगामात येतो आणि कोणाच्या लक्षातही न येता जातो.

गाढेश्वरचे, म्हणजे देहरंगचे धरण खांदेश्वर स्थानकापासून दुचाकीने अर्ध्या-पाऊण तासावर आहे. माथेरानच्या पश्चिम उतारावरून उतरणाऱ्या गाढी नदीवरचे हे धरण पनवेल शहराला पाणी देते. धरण महापालिकेचे, पण ते महापालिकेच्या हद्दीबाहेर. आजूबाजूचा डोंगर वन विभागाचा, गावे ग्रामपंचायतींची, बंदोबस्त पोलिसांचा. रविवारी तिथे जमणारे हजारो लोक मात्र कोणाचेच नाहीत. म्हणून तिथे पुरेशी शौचालये नाहीत, कपडे बदलायला आडोसा नाही, प्रशिक्षित जीवरक्षक नाहीत.

धोका कुठे आहे, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे, कारण बहुतेकांना तो खोल पाण्यात वाटतो. माणसे पुष्कळदा गुडघाभर पाण्यातूनच वाहून जातात. वाहत्या पाण्याचा रेटा त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. ढोबळ हिशेब असा : गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या दोन पायांवर सेकंदाला एक मीटर वेगाचे पाणी साधारण सात-आठ किलो वजनाएवढे ढकलते. वेग दोन मीटर झाला की तो रेटा तीस किलोवर जातो आणि तीन मीटर झाला की सत्तरच्या आसपास. पायाखाली शेवाळलेला कातळ किंवा सांडव्याची बुळबुळीत पायरी असेल तर त्याच्या निम्मा रेटाही पुरतो. एकदा पाय सुटला की पट्टीचा पोहणारा आणि अजिबात न पोहणारा यांच्यात फारसा फरक उरत नाही, कारण पुढचे काम पाणी करते.

दुसरा धोका वेळेचा. खाली ऊन पडलेले असते आणि वर माथेरानच्या कड्यावर ढग कोसळत असतात. एक चौरस किलोमीटर उतारावर पन्नास मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाच कोटी लिटर पाणी होते, म्हणजे दहा हजार लिटरचे पाच हजार टँकर. त्यातला बराचसा भाग तासा-दोन तासांत ओढ्यात उतरतो. लोणावळ्यात ३० जून २०२४ च्या रविवारी हेच घडले. भुशी धरणाच्या मागच्या बाजूला धबधब्याच्या प्रवाहात उभे असलेले पुण्याच्या हडपसरचे एक कुटुंब वाढत्या पाण्यात अडकले आणि लोकांच्या डोळ्यांदेखत पाच जण वाहून गेले. त्यांत चार मुले होती. त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये खारघरच्या डोंगरात महाविद्यालयात शिकणाऱ्या चार मुली अशाच लोंढ्यात सापडल्या होत्या. दोन्ही ठिकाणी पाणी वाढते आहे हे खाली उभ्या असलेल्यांना सांगणारी कोणतीही यंत्रणा नव्हती.

तिसरा धोका धरणाच्या शांत पाण्यात आहे. जलाशयाचा काठ नदीच्या काठासारखा हळूहळू उतरत नाही. बांधकामासाठी मुरूम-माती काढलेले खड्डे, बुडालेली झाडे, वर्षानुवर्षे साठलेला गाळ हे सारे पाण्याखाली असते. पाण्याची पातळी रोज बदलते. काल जिथे कंबरभर पाणी होते तिथे आज डोक्यावरून जाते. गाळात रुतलेला पाय काढताना माणूस दमतो, घाबरतो आणि पाणी गिळतो.

मग जे घडते ते सिनेमात दाखवतात तसे नसते. बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही, हात हलवून कोणाला बोलावत नाही. तोंड पाण्याबाहेर येते तेवढ्या क्षणात तो फक्त श्वास घेऊ शकतो. मुले तर मिनिटाच्या आत पाण्याखाली जातात. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर चार ते सहा मिनिटांत त्याचे कायमचे नुकसान सुरू होते. गर्दीने भरलेल्या एकेरी रस्त्यावरून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका पनवेलहून देहरंगला किती वेळात पोहोचेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा. थोडक्यात, वाचवणारा माणूस काठावर हजर असेल तरच माणूस वाचतो.

हे जगात सिद्ध झालेले आहे. अमेरिकेतील जीवरक्षक संघटनेच्या हिशेबानुसार प्रशिक्षित जीवरक्षक असलेल्या किनाऱ्यावर माणूस बुडून मरण्याची शक्यता एक कोटी ऐंशी लाखांत एक इतकी कमी होते. आपल्या शेजारच्या गोव्याने २००८ पासून किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षक नेमले. तिथे आज पर्यटक येतात, पाण्यातही उतरतात; फरक एवढाच की कुठे उतरायचे आणि कुठे नाही हे झेंड्यांनी दाखवलेले असते आणि त्या झेंड्यांवर कोणाचा तरी डोळा असतो.

मग गाढेश्वरला, मोरब्याला, भुशीला हवे तसे आत शिरू द्यायचे का? मुळीच नाही. इथेच नियोजनाची पहिली पायरी येते, ती म्हणजे पाण्याची वर्गवारी. मोरबे धरण नवी मुंबईचे पिण्याचे पाणी आहे, देहरंग पनवेलचे. अशा साठ्यांत पोहण्याला परवानगी देणे शहराच्या आरोग्याशी खेळणे ठरेल. माणसाच्या विष्ठेतून पाण्यात जाणारे काही जंतू क्लोरीनलाही दाद देत नाहीत. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात १९९३ मध्ये क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा असा एक परजीवी पाणी शुद्धीकरणातून निसटला आणि सुमारे चार लाख लोक जुलाबाने आजारी पडले. म्हणून पाणी उचलण्याच्या जागेच्या आसपास कोणालाही प्रवेश नको, हा नियम कायमचा हवा, पावसाळ्यापुरता नव्हे.

पण पाण्याला न शिवताही पाण्याजवळ जाता येते. न्यूयॉर्क शहर आपल्या पिण्याच्या पाण्याच्या काही जलाशयांवर परवाना काढून मासेमारी आणि वल्हवायच्या होड्या चालू देते. होडी आधी वाफेने धुऊन घ्यावी लागते आणि पोहायला सक्त मनाई असते. मुंबईने तर एकोणिसाव्या शतकातच मलबार हिलवरच्या झाकलेल्या जलाशयावर बाग केली. हँगिंग गार्डनमध्ये फिरणाऱ्या कित्येकांना आपल्या पायाखाली शहराचे पिण्याचे पाणी आहे हे ठाऊकही नसते. पाणी सुरक्षित, माणसेही सुरक्षित.

दुसरी पायरी म्हणजे लोकांना नेमके काय हवे आहे ते ओळखणे. पावसाळ्यात धरणावर जाणाऱ्या दहा कुटुंबांपैकी पोहायला किती जातात? बहुतेकांना भिजायचे असते, वाहत्या पाण्यात पाय बुडवून बसायचे असते, भाजलेले कणीस खायचे असते, डोंगर पाहायचा असतो. हे देण्यासाठी नदीच्या पात्राची गरज नाही. सांडव्यापासून दूर, मुख्य प्रवाहाच्या बाहेर, दीड-दोन फूट खोलीचा, खडबडीत तळाचा, कठडे असलेला उथळ पाट किंवा कुंड करता येते. त्यात पाणी किती सोडायचे हे झडपेने ठरते, आभाळाने नव्हे. कठड्याआड उभे राहून सांडवा पाहण्यासाठी उंचावर ओटा हवा. हे सारे साध्या दगडी बांधकामात होणारे काम आहे.

तिसरी पायरी गर्दीची. कोणत्याही जागेला एक क्षमता असते आणि ती वाहनतळाने ठरते. वाहनतळ भरला की नेऱ्यालाच गाड्या थांबवायच्या आणि शनिवार-रविवारी खांदेश्वर व पनवेल स्थानकांपासून बस सोडायच्या. बसने येणारा माणूस परतीच्या वेळेला बांधलेला असतो आणि दारू पिऊन दुचाकी चालवत नाही. बुडण्याच्या घटनांत दारूचा वाटा जगभर मान्य झालेला आहे. दारूने तोल जातो, थंडी कळत नाही आणि धाडस वाढते. बसच्या दारात बाटली तपासणे चाळीस वळणांवर पोलीस उभे करण्यापेक्षा सोपे आहे.

चौथी पायरी माणसांची. मालडुंगे, धोदाणी परिसरातील आदिवासी वाड्यांवरच्या तरुणांना या नदीचा प्रत्येक डोह माहीत आहे. आजही कोणी बुडाले की बरेचदा स्थानिक पोरेच पाण्यात उतरतात. ना त्यांच्याकडे दोर, ना तरंगणारी जाकिटे, ना विमा. त्यांना जीवरक्षकाचे प्रशिक्षण, हंगामभराचा पगार आणि साधने दिली तर दोन कामे होतील. लोणावळ्यात शिवदुर्ग मित्रसारखी स्वयंसेवी पथके वर्षानुवर्षे हे काम करत आली आहेत. त्यांचा अनुभव इथे प्रशिक्षणासाठी घेता येईल. मनाई आदेशामुळे कणसे-भजी विकणाऱ्या बायकांचा ऐन हंगामातला रोजगार बुडतो, तोही आखलेल्या जागेत ओटे देऊन टिकवता येईल. वरच्या डोंगरात दोन-तीन स्वयंचलित पर्जन्यमापक आणि खाली एक भोंगा बसवला तर लोंढा येण्याआधी काही मिनिटे मिळतील. भुशीच्या त्या कुटुंबाला तेवढीच मिनिटे हवी होती.

आता आक्षेप. सोयी केल्या की गर्दी वाढेल, असे अधिकारी म्हणतात. गर्दी आजही आहे आणि नवी मुंबईचा विमानतळ, नैना क्षेत्रातील नवी वसाहत पाहता ती वाढणारच आहे. खरा आक्षेप वेगळा असतो, तो उघड बोलला जात नाही. सोय केली आणि अपघात झाला तर जबाबदारी सोय करणाऱ्यावर येते. बंदी घातली आणि अपघात झाला तर जबाबदारी मेलेल्यावर जाते. प्रशासनाला बंदी प्रिय असण्याचे हे एक कारण आहे. जबाबदारीची ही भीती निराधार नाही. वडोदऱ्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी सहलीला आलेल्या मुलांची होडी उलटली आणि बारा विद्यार्थी व दोन शिक्षिका बुडाल्या. तलाव महापालिकेचा, चालवायला ठेकेदार. होडीत क्षमतेपेक्षा जास्त मुले आणि बहुतेकांच्या अंगात जाकिटे नाहीत. धरणकाठाचा विकास म्हणजे जागा ठेकेदाराला देऊन तिकिटाचा वाटा घेणे असा अर्थ लावला तर इथेही तेच होईल. जीवरक्षक, होड्यांची तपासणी आणि जागा बंद करण्याचा अधिकार हे तिकीट विकणाऱ्याच्या हाती असता कामा नयेत.

दुसरी चूक सुशोभीकरणाची. पवई तलावाच्या काठाने मुंबई महापालिकेने बांधायला घेतलेला सायकल मार्ग मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवला आणि केलेले बांधकाम काढून काठ पूर्ववत करण्यास सांगितले. माथेरान आणि भोवतालचा परिसर २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. त्याच्या पायथ्याशी काँक्रीटचे पदपथ, रोषणाई आणि कारंजी नकोत. पायवाटा, ओटे, शौचालये, प्रथमोपचार केंद्र आणि वाहनतळ एवढे पुरे.

आणि सगळा भार धरणावर टाकायचे कारणही नाही. खांदेश्वर मंदिराजवळचा तलाव, पनवेलचे वडाळे तळे ही रोजच्या वापराची पाणवठ्याची ठिकाणे शहरातच आहेत. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली आलेल्या अंदाजानुसार भारतातील जवळपास निम्मी प्रौढ माणसे पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत. अशा वेळी घरापासून दहा मिनिटांवर, सावली असलेला, ज्येष्ठांना काठी टेकत चालता येईल असा तलावाचा काठ औषधाइतका मोलाचा आहे. रोज संध्याकाळी पाण्याकाठी बसायला मिळाले तर वर्षातला एकच रविवार धरणावर उधळण्याची ओढही थोडी कमी होईल. मात्र या तलावांत उतरण्यास मनाईच हवी. साठलेल्या पाण्यातून पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस होतो. पायावरची छोटी जखमही त्याला पुरते. केरळात तर गेल्या काही वर्षांत तळ्यात अंघोळ करणाऱ्यांना नाकावाटे शिरणाऱ्या अमिबामुळे मेंदूज्वर झाल्याच्या घटना घडल्या आहेत. काठ खुला आणि पाणी बंद, हा शहरातल्या तलावांचा नियम असावा.

प्रशासन जागे होईपर्यंत वाचकांनी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पाणी अचानक गढूळ झाले, पाने-काटक्या वाहून येऊ लागल्या किंवा प्रवाहाचा आवाज वाढला तर सामान तिथेच टाकून उंचावर जावे. ऊन पडले आहे म्हणून थांबू नये. कोणी बुडत असेल तर मागून उडी मारू नये. ओढणी, दोर, लांब काठी किंवा झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन त्याच्याकडे फेकावा. वाचवायला गेलेला बुडणे ही आपल्याकडची नेहमीची दुहेरी दुर्घटना आहे. बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगू नये, पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नये. श्वास चालत नसेल तर तो तोंडावाटे द्यावा. बुडालेल्याला आधी पाच श्वास, मग छातीच्या मध्यावर मिनिटाला शंभर ते एकशेवीस या गतीने तीस दाब, पुन्हा दोन श्वास, असे मदत येईपर्यंत चालू ठेवावे. शुद्धीवर आलेल्या माणसालाही रुग्णालयात न्यावे, कारण फुप्फुसाला बसलेला मार काही तासांनी दिसू शकतो. आणि मुलांना पोहायला शिकवावे. पण पोहता येते म्हणून लोंढ्यात उतरू नये, हेही त्याच वेळी शिकवावे.

महापालिका, वन विभाग, पोलीस, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायती यांनी एकत्र बसून गाढेश्वरसाठी एक आराखडा करायला पावसाळा संपल्यापासून पुढचा जून येईपर्यंत आठ महिने मिळतात. त्यात सर्वांत आधी करायचे काम फुकट आहे : गेल्या दहा वर्षांत या नदीवर कोण, कुठे, कोणत्या वारी, किती वाजता बुडाले याची नोंद पोलीस ठाण्यांच्या वह्यांत पडून आहे. ती एका नकाशावर मांडली की जीवरक्षक कुठे उभा करायचा हे आपोआप कळेल. तो नकाशा तयार करून फलकाशेजारी लावावा. मग पुढच्या वर्षी मनाई आदेश काढताना, लोकांनी कुठे जाऊ नये याबरोबर कुठे जावे हेही त्यात लिहिता येईल.